दोनशे नगांची पेटी घ्यावी का?

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षे वापरलेली, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. ऑइल आणि फिल्टर बदलणे, बॅटरी काढणे-बसवणे, स्पार्क प्लग बदलणे, चाके काढणे आणि हात बसल्यावर पुढच्या ब्रेकचे पॅड बदलणे, एवढी कामे घरीच करावीत असा विचार आहे. सध्या जवळ फक्त गाडीबरोबर आलेला जॅक, चाकाचा पाना आणि आजोबांच्या पेटीतले काही जुने पाने आहेत. त्या पान्यांवर १/२, ९/१६, ३/४ असे आकडे कोरलेले आहेत. एका दुकानात दोनशेहून अधिक नगांची तयार पेटी पाहिली आणि मोह झाला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकेच आवळू देणारा पाना, ही निव्वळ चैन आहे, मेकॅनिक हाताच्या अंदाजानेच आवळतात, असे माझा भाऊ म्हणतो. मी कोणती हत्यारे घ्यावीत आणि पैसे कुठे वाचवावेत?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. घरी गाडीवर काम करताना बहुतेक चुका निस्तरता येतात. क्लिप तुटली तर नवी मिळते, ऑइल सांडले तर पुसता येते, एखादा भाग उलटा बसला तर पुन्हा काढून बसवता येतो. पण उचललेली गाडी घसरून अंगावर येणे, बोल्टचे डोके गोल होणे आणि आटे जाणे या तीन चुका मागे फिरवता येत नाहीत. पहिलीत जीव जातो. उरलेल्या दोनांत एरवी अर्ध्या तासाचे असलेले काम गाडी ओढून गॅरेजपर्यंत नेण्यावर येते. ज्या हत्याराचा या तिघींपैकी एकीशी संबंध येतो, ते चांगल्यातले घ्यावे. बाकी सगळे साधे घेतले तरी चालते. दोनशे नगांच्या पेटीत नेमके उलटे घडते, कारण तीत पैसा आकड्यावर खर्च झालेला असतो आणि या तीन जागांसाठी फारसे काही नसते. स्टँड तर त्या पेटीत नसतोच.

म्हणून पहिली खरेदी पान्यांची नाही, गाडी तोलून धरणाऱ्या वस्तूंची. गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो. त्याचा पाया अरुंद असतो, आणि बाजूने थोडा धक्का बसला तरी तो कलंडू शकतो. त्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही जॅकच्या भरवशावर गाडीखाली अंग घालायचे नाही, हा नियम तेलाच्या दाबावर उचलणाऱ्या, चाके असलेल्या हायड्रॉलिक ट्रॉली जॅकलाही तितकाच लागू आहे. जॅकमधली तेलाची सील गळू लागली की तो बसतो, आणि कधी बसेल ते आधी सांगत नाही. जॅकचे काम उचलण्याचे; धरून ठेवण्याचे काम जॅक स्टँडचे, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. ती जोडीने घ्यावी, तिच्यावर भारक्षमता स्पष्ट कोरलेली असावी, आणि तुमच्या गाडीच्या एकूण वजनाहून ती भरपूर जास्त असावी. लहान गाडीचे वजन साधारण एक टनाच्या आसपास असते आणि पुढे इंजिन असल्याने अर्ध्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर येतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे क्षमतेचा आकडा किती हवा याचा अंदाज येतो. दातेरी स्टँडपेक्षा आरपार खिळ घालून अडकवायचा स्टँड मला अधिक पसंत आहे. उंचीचे टप्पे कमी मिळतात, पण खिळ बसली की नाही हे डोळ्यांना दिसते. दातेरी स्टँड घेतलाच तर खटका पूर्ण बसल्याची खात्री दर वेळी हाताने करावी.

इथे एक अडचण येते, ती दुकानदार सहसा सांगत नाही. गाडीच्या कडेला, दारांखाली, जॅक लावण्याच्या ठरलेल्या मजबूत जागा असतात. पण जॅक तिथेच लावला तर स्टँड कुठे ठेवणार? बऱ्याच गाड्यांना पुढे मध्यभागी, इंजिनाखालच्या आडव्या चौकटीवर, ट्रॉली जॅकसाठी दुसरी जागा दिलेली असते. तिथून पुढचा भाग एकदम उचलायचा आणि कडेच्या दोन जागांखाली स्टँड सरकवायचे. ही जागा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावी, अंदाजाने नव्हे. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या तव्याला जॅक लागला तर तो चेपतो. विटा, पोकळ सिमेंटचे ठोकळे किंवा लाकडाच्या ढलप्यांची चळत स्टँडच्या जागी कधीही वापरू नये, कारण वीट आधी वाकत नाही, एकदम फुटते. जमीन सपाट आणि कठीण हवी. डांबरावर काम करावे लागले तर स्टँडच्या पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा, नाहीतर उन्हात पाय रुततो. जी चाके जमिनीवर राहतात त्यांना पुढून-मागून अटकाव म्हणून पाचरी लावाव्यात. गाडी स्टँडवर टेकल्यावर खाली जाण्यापूर्वी तिला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहावे. पडायची असेल तर तेव्हाच पडू द्यावी. आणि काढलेले चाक कोपऱ्यात उभे करण्याऐवजी गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. त्याला काही खर्च नाही, आणि वेळ आलीच तर तेवढ्या उंचीची फट शिल्लक राहते.

आता पान्यांकडे येऊ. खरेदीला निघण्यापूर्वी एक काम करा. गाडीचे बॉनेट उघडा, हातात वही घ्या, आणि जी कामे तुम्ही पत्रात लिहिली आहेत त्यांच्यासाठी कोणते बोल्ट सोडवावे लागतील ते एकेक करून मोजा. मोजायला साधे व्हर्निअर कॅलिपर असले तर उत्तम. बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर, तोच पान्याचा नंबर. जपानी आणि कोरियन घडणीच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटर सापडतील. युरोपीय घडणीच्या गाड्यांत १०, १३, १६, १८ आणि त्यांच्या जोडीला सहा पाकळ्यांचे टॉर्क्स बोल्ट. याचे कारण असे की एकाच जाडीच्या बोल्टला वेगवेगळ्या मानकांनी वेगवेगळ्या रुंदीचे डोके दिले आहे. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जपानी पद्धतीत बहुधा १२ चे डोके असते, इतरत्र १३ चे. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जपानी गाडीत १४, जुन्या जर्मन मानकात १७ आणि नव्या आंतरराष्ट्रीय मानकात १६. म्हणजे शेजाऱ्याची गाडी वेगळ्या घराण्यातली असेल तर त्याची यादी तुमच्या उपयोगाची नाही. चाकाचे नट बहुधा १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचे असतात, आणि स्पार्क प्लगला १६ किंवा २१ चे लांब सॉकेट लागते; काही नव्या इंजिनांत १४ चे पातळ भिंतीचे. तुमच्या वहीत आठ-दहा मापांपलीकडे फारसे काही जमणार नाही. तयार पेटीतला मोठा भाग बिटांचा (ड्रायव्हरच्या सुट्या टोकांचा), इंचाच्या सॉकेटांचा आणि एकच माप दोन-तीन प्रकारांत पुन्हा दिलेल्या नगांचा असतो, हे ती वही हातात घेऊन पेटी पुन्हा पाहिली की लगेच कळते.

सॉकेट, म्हणजे गॅरेजमधली गोटी, घेताना तिच्या आत डोकावून पाहा. आत सहा कोपरे असलेली घ्या, बारा कोपऱ्यांची नको. बारा कोपऱ्यांची सॉकेट बोल्टवर चटकन बसते, दर ३० अंशांवर तिला जागा सापडते. पण तिचा भार बोल्टच्या टोकदार कोपऱ्यांजवळ येतो आणि गंजलेला किंवा आधीच थोडा झिजलेला बोल्ट तिच्यात गोल होतो. सहा कोपऱ्यांची सॉकेट सपाट बाजूंना भिडते आणि कोपरे वाचवते. दुसरी गोष्ट तोंडाची कड. स्वस्त सॉकेटच्या तोंडाशी आतून बरीच तासलेली उतरती कड असते. त्यामुळे ती बोल्टवर सहज शिरते खरी, पण पातळ डोक्याच्या बोल्टवर तिचा पकडणारा भाग जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उरतो आणि ती वर सटकते. हे दुकानातच तपासता येते. १०, १२ आणि १४ च्या डोक्यांचे तीन कोरे बोल्ट खिशात टाकून न्या, सॉकेट त्यावर बसवा आणि बोटांनी डावी-उजवीकडे फिरवा. किंचित हालचाल असायचीच. पण खुळखुळा वाजावा तसा बोल्ट आत हलत असेल तर ती पेटी तिथेच ठेवा. क्रोम व्हॅनेडियम असे शब्द कोरलेले असणे ठीक आहे, मात्र ते शब्द कोणीही कोरू शकतो. बोल्टवर बसवून पाहिल्याशिवाय खरे कळत नाही.

सॉकेट ज्या दांड्यावर बसते त्याच्या चौकोनी टोकाची मापे जगभर इंचातच चालतात : १/४, ३/८ आणि १/२ इंच, म्हणजे सुमारे ६.३५, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर. एकच संच घ्यायचा तर ३/८ चा घ्या. त्यावर ८ पासून १९ पर्यंतची सॉकेटे, त्यांतली १०, १२, १३ आणि १४ लांब उंचीचीही, एक ७५ आणि एक १५० मिलिमीटरची जोडदांडी, एक लवचीक सांधा आणि एक रॅचेट, म्हणजे सॉकेट बोल्टवरून न काढता पुढे-मागे हलवून फिरवायचा दांडा, एवढ्यावर तुमची बहुतेक कामे निभतील. रॅचेटमधल्या दातांची संख्या विचारा. ७२ दातांची रॅचेट ५ अंश हलवली तरी पुढचा दात पकडते, ३६ दातांच्या रॅचेटला १० अंश लागतात. इंजिन आणि बॅटरीच्या बैठकीमधल्या चिंचोळ्या जागेत हात अडकलेला असताना हा फरक मनगटाला कळतो. १/२ इंचाच्या दांड्यात मात्र संच नको, फक्त चाकाच्या नटाचे सॉकेट आणि साधारण ४५० ते ६०० मिलिमीटर लांबीचा एक ब्रेकर बार, म्हणजे आत दाते नसलेला दणकट दांडा, घ्यावा. जाम बोल्ट सोडवण्याचे काम त्या बारचे आहे. रॅचेटच्या दांड्यावर पाइप चढवून जोर काढला तर आतले दात तुटतात, आणि ते तुटतात तेव्हा तुमची बोटे समोरच्या पत्र्यावर आदळतात.

उघड्या तोंडाचे पाने आणि रिंग पाने वेगवेगळे घेण्याऐवजी एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेले, दोन्हीकडे एकच माप असणारे पाने घ्या. ८, १०, १२, १३, १४, १७, १९ एवढे पुरे. तुमच्या वहीत १३ नसेल तर तोही नको. वापरण्याचा क्रम मात्र ठरलेला असू द्या. बोल्ट पहिल्यांदा हलवायचा आणि शेवटी आवळायचा तो रिंगने किंवा सॉकेटने. मधला सैल प्रवास उघड्या तोंडाने. उघडे तोंड बोल्टच्या दोनच बाजू धरते आणि जोर वाढला की जबडा किंचित फाकतो. त्या उघड्या तोंडाकडे नीट पाहिले तर ते दांड्याशी सरळ नसून १५ अंशांनी तिरके असल्याचे दिसेल. ती घडणीतली चूक नाही. जिथे पाना ३० अंशांहून जास्त फिरवायला जागा नसते तिथे एकदा फिरवायचा, काढून उलटा करायचा आणि पुन्हा बसवायचा, की पुढच्या ३० अंशांची पकड मिळते. पाना नेहमी आपल्याकडे ओढावा. ढकलण्याशिवाय इलाज नसेल तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावा, म्हणजे निसटला तरी सांधे सोलवटत नाहीत.

सरकत्या जबड्याचा पाना पहिल्या यादीत ठेवूच नका. त्याचे उपयोग आहेत, पण नवख्या हातात तो सगळ्या मापांचा पर्याय बनतो आणि सगळ्याच मापांचे कोपरे खातो.

भावाच्या मुद्द्याकडे वळतो. अनुभवी मेकॅनिक अंदाजाने आवळतो हे खरे, पण तो अंदाज हजारो बोल्टांनी शिकवलेला असतो, आणि तरीही चांगल्या गॅरेजमध्ये चाकाचे नट टॉर्क रेंचनेच तपासतात. हिशेब पाहा. चाकाच्या नटाला लहान गाड्यांत बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर (दांड्याची लांबी गुणिले हाताचा जोर), सांगितलेला असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तेवढा टॉर्क देण्यासाठी ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाइतका जोर लागतो; अर्धा मीटर लांबीच्या बारला २० किलोचा पुरतो. आता ६ मिलिमीटर जाडीचा, १० च्या डोक्याचा बोल्ट घ्या. त्याला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे पाव मीटरच्या दांड्यावर ४ किलोचा जोर, जो एका बोटानेही देता येतो. मनगटाने ओढला की त्याच्या दुप्पट सहज होतो, आणि अॅल्युमिनियमच्या कवचातले आटे बाहेर येतात. नवख्या माणसाच्या हातून मोठे नट बहुधा कमी आवळले जातात आणि लहान बोल्ट बहुधा जास्त. हाताला लांबी आणि जोर यांचा गुणाकार जाणवत नाही, फक्त जोर जाणवतो. टॉर्क रेंच ही चूक दोन्ही टोकांना थांबवतो.

तुमच्या कामांना दोन टॉर्क रेंच लागतील, पण एकदम नव्हे. आधी १/२ इंचाच्या टोकाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा, चाकांसाठी. मग ऑइल काढण्याचा बोल्ट आणि स्पार्क प्लग स्वतः करायची वेळ येईल तेव्हा ३/८ चा, १० ते ६० च्या आसपासचा. एकाच मोठ्या रेंचवर सगळे भागवू नका, कारण त्याच्या मर्यादेच्या अगदी तळाशी तो भरवशाचा राहत नाही. टक् असा आवाज करणाऱ्या चांगल्या रेंचची अचूकता अधिक-उणे ४ टक्के सांगितलेली असते, आणि घरच्या कामाला ती भरपूर झाली. तो संथपणे, मुठीच्या खुणेवर हात ठेवून ओढावा आणि पहिला टक् झाला की थांबावे. खात्रीसाठी पुन्हा दोनदा टक् करणे म्हणजे प्रत्येक वेळी थोडे जास्त आवळणे. काम संपल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही. त्याने बोल्ट सोडवू नये. त्यासाठी ब्रेकर बार आहे. पुस्तिकेतले आकडे सहसा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतात. चाकाच्या आट्यांना ग्रीस लावून तोच आकडा दिला तर घर्षण कमी झाल्यामुळे बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. प्रत्येक बोल्ट पहिले काही फेरे नुसत्या बोटांनी फिरवून बसवावा, हेही याच्याच जोडीचे पथ्य. स्पार्क प्लगला तर ते अनिवार्य आहे : इंजिन थंड असताना प्लग लांब सॉकेटमध्ये धरून, दांडा न जोडता, हातानेच फिरवत न्यावा. वाकडा शिरला तर बोटांना अडथळा कळतो. रॅचेटला कळत नाही, ती वाकडाच आत नेते.

आजोबांच्या पान्यांविषयी. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो पाना १३ च्या बोल्टवर चढत नाही आणि १२ च्या बोल्टवर ०.७ मिलिमीटर सैल बसतो. कोपरे गोल करायला तेवढे पुष्कळ झाले. ९/१६ म्हणजे जवळपास १४.३, म्हणजे १४ वर तो बसल्यासारखा वाटतो, आणि हेच वाईट. ३/४ मात्र १९.०५ असल्याने १९ च्या नटावर निर्धास्त वापरता येतो. काही पान्यांवर आकड्याशेजारी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मानकाची डब्ल्यू खूण असेल तर तिथला आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचे तोंड १३.३ मिलिमीटर उघडे असते. हे पाने टाकू मात्र नका. जुने पोलाद पुष्कळदा आजच्या स्वस्त पान्यांपेक्षा सरस असते, आणि दुसऱ्या बाजूचा नट नुसता अडवून धरायला, किंवा पुढेमागे अवघड कोपऱ्यासाठी एखादा पाना तासून बारीक करायला, त्यांच्याइतके योग्य काही नाही.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल थोडेच सांगतो. फुलीचा दोन नंबर आणि एक नंबर, चपटे दोन. जपानी गाडी असेल तर एक बारकावा : तिथल्या फुलीच्या स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो, आणि त्या खाचेची घडण नेहमीच्या फिलिप्सहून थोडी वेगळी असते. साधा फिलिप्स तिच्यात तळापर्यंत बसत नाही, वर चढतो आणि खाच खातो. जपानी मानकाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो; तो फिलिप्सच्या स्क्रूलाही बहुतांशी चालतो, म्हणून निवड करायची तर तोच घ्यावा. टॉर्क्सची टी २०, टी २५ आणि टी ३० ही बिटे आणि ४ ते १० मिलिमीटरच्या एलन की (षट्कोनी सळईचे पाने) घ्याव्यात, पण वहीत तसे बोल्ट निघाले तरच. पक्कड, लांब नाकाची पक्कड, एक साधी हातोडी, तारेचा ब्रश, ऑइल धरायचे पसरट भांडे, डोक्याला लावायचा दिवा, चुंबक लावलेली लवचीक दांडी, यांत हवी तेवढी काटकसर करा. पकडीने नट सोडवायचा नाही एवढेच पाळा. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवरचा चश्मा हे हत्यारांतच मोजावेत. गाडीखाली पाठीवर पडून वर पाहताना गंजाचा कण डोळ्यात येण्यासाठी फार काही करावे लागत नाही. ऑइल फिल्टरसाठी पट्ट्याचा पाना घेतला तर तो पुढे गाडी बदलली तरी चालतो. टोपीसारखा पाना एकाच मापाचा असतो.

बॅटरीच्या कामाला बहुधा १० चा एक पाना पुरतो, पण क्रम चुकला तर तोच पाना धोक्याचा. आधी उणे बाजूचे टोक काढायचे, लावताना ते शेवटी लावायचे. गाडीचा सगळा पत्रा उणे टोकाला जोडलेला असतो. उणे जोडलेले असताना अधिक बाजूचा नट सोडवताना पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले तर थेट शॉर्ट होतो, पाना क्षणात तापून चिकटतो आणि हातातली अंगठी त्यात सापडली तर भाजते. अंगठी आणि धातूचे कडे आधी काढून ठेवा.

जाम बोल्ट समोर आला की आपले सगळे हत्यारप्रेम पणाला लागते. घाई करू नका. आटे दिसत असतील तिथे तारेच्या ब्रशने गंज खरवडा, गंज सोडवणारे तेल टाका आणि शक्य असेल तर रात्रभर मुरू द्या. मग डोक्यावर हातोडीने सरळ चार-सहा ठोके द्या, सहा कोपऱ्यांचे सॉकेट शेवटपर्यंत बसवा आणि ब्रेकर बारने झटका न देता वाढता जोर लावा. सुटत नसेल तर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहा. गंजाची पकड कधी कधी त्या बाजूने आधी मोडते. बोल्ट रबरासारखा, मऊ मऊ फिरू लागला तर थांबा. तो सुटत नसून पिळला जात आहे, आणि पुढच्या पाव फेऱ्यात तुटेल.

ब्रेक पॅडचे काम तुम्ही स्वतःच हात बसल्यावर करायचे ठरवले आहे, ते योग्यच. हत्यारे फार लागत नाहीत : कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या, चाकाजवळच्या ब्रेकच्या भागाच्या) बोल्टचा पाना किंवा एलन बिट, पिस्टन मागे दाबायला एक सी-क्लॅम्प, आणि कॅलिपर बांधून ठेवायला तार, कारण तो रबरी नळीवर लोंबकळत सोडायचा नाही. पिस्टन मागे जाताना वरच्या टाकीतले ब्रेक ऑइल चढते, तिच्यावर लक्ष ठेवा. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबा. मागच्या चाकांना विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर तिथला पिस्टन क्लॅम्पने दाबू नका. ब्रेकची नळी उघडावी लागेल असे काम, सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि पुढे कधी हायब्रिड गाडी घेतली तर तिच्या नारिंगी वायरी, यांना घरी हात लावू नये. तिथे हत्यार चांगले असून भागत नाही.

तेव्हा आज जॅक, दोन स्टँड, पाचरी, चाकाच्या नटाचे सॉकेट, ब्रेकर बार आणि १/२ चा टॉर्क रेंच एवढेच घ्या, आणि ऑइलच्या आधी एक काम करून पाहा : पुढचे एक चाक काढून पुन्हा बसवा. गाडी जमिनीवर असतानाच नट पाव फेरा सैल करा, मग उचला, स्टँडवर टेकवा, हलवून पाहा, चाक काढा. बसवताना नट बोटांनी चढवा, समोरासमोरचे आलटून पालटून पान्याने हलके आवळा, गाडी खाली घ्या आणि मग पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क रेंचने टक् होईपर्यंत आणा. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर, चाके थंड असताना, तेच नट त्याच आकड्याला पुन्हा तपासा. ३/८ चा संच त्यानंतरच्या खरेदीत, वही बरोबर नेऊन.